डाव्या तर्जनीचा घट्टा सोलतोय, मींड अडकते. काय करावं?

टपालवाली_मिरज

नमस्कार. वाद्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पोस्टातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं शिक्के मारण्यात गेली, त्यामुळे घट्टा ही वस्तू मला नवी नाही. उजव्या तळहाताच्या मधोमध, शिक्क्याची मूठ टेकायची तिथे चांगला रुपयाएवढा होता. निवृत्तीनंतर तो कधी गेला ते कळलंही नाही. त्याने मला त्रास दिला नाही, मी त्याला दिला नाही.

व्हायोलिन साठीला सुरू केलं, त्याला आता अडीच वर्षं होतील. (मिरजेत राहून सतार-तंबोरा सोडून व्हायोलिन का, असं सगळेच विचारतात. ती कथा वेगळ्या धाग्यात.) बसून, हिंदुस्थानी पद्धतीने वाजवते. पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी म्हणजे माझा सा), जुळणी चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत प सा प सा. तारा वाद्याबरोबर आल्या त्याच आहेत.

त्रास असा. डाव्या तर्जनीच्या शेंड्यावर घट्टा आहे आणि त्यात तारेची तिरपी खाच पडली आहे. तिच्या दोन्ही कडा कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सुटतात. भीमपलासात मध्यमावरून कोमल गंधारावर उतरताना सुटलेली कड तारेला अडकते आणि मींडेच्या (बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याच्या) ऐन मध्ये ‘खर्र’ होतं. पापुद्रा ओढून काढला तर खालची कातडी लाल, कोवळी. मग दोन दिवस बोट टेकवत नाही. पुन्हा घट्टा होतो, पुन्हा सोलतो. मधल्या बोटाला थोडंसं आहे, अनामिकेला आणि करंगळीला काहीच नाही.

सल्ल्यांना तोटा नाही. आमचे सर म्हणतात, “पिकू द्या, दगड होईल आपोआप.” मुलगी पुण्याहून फोनवर सांगते, क्रीम लाव. शेजारचा गिटारवाला मुलगा म्हणतो, काकू, फेविक्विकचा थेंब टाका, आम्ही तेच करतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, थोडे दिवस बंद ठेव. (ते घरातल्या शांततेसाठी असावं असा मला संशय आहे.)

गेल्या आठवड्यात हयातीचा दाखला द्यायला गेले. नेहमीप्रमाणे डावी तर्जनी मशीनवर ठेवली. तीनदा नाकारली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, बोट पुसून ठेवा.” पुसलं, तरी नाही. शेवटी उजवा अंगठा लावला तेव्हा कुठे मी हयात ठरले. आयुष्यभर काउंटरच्या त्या बाजूला बसले, त्यामुळे तिच्यावर चिडताही येईना.

तीन आठवड्यांनी प्रवेशिका पूर्णची परीक्षा आहे. रियाज रोज सकाळी, स्वयंपाक-भांडी आटपून सलग सव्वा तास. मधुमेह आहे, गोळी चालू आहे. साखर घरीच तपासते, आणि खरं सांगायचं तर डाव्या तर्जनीलाच टोचते, कारण तिथे आता दुखत नाही.

घट्टा ठेवायचा, वाढवायचा की काढायचा?

सहा_तारांचा_सुभेदार

काकू, फेविक्विक नको, पण स्पिरिट लावा दिवसातून तीनदा. आठवड्यात कडक होतो. मी तसंच केलं होतं.

खर्जातला_पंचम

सुभेदार, तुमच्या गिटारला पडदे असतात हो. बोट पडद्यामागे दाबलं की काम झालं, तिथे कडक घट्टा चालतो. आमच्याकडे बोट दाबून थांबत नाही, सरकतं. स्पिरिटने कातडी कोरडी होते, कोरडी कातडी तडकते, आणि तडकलेली कड तारेला अडकते. ताईंना आत्ता जे होतंय तेच स्पिरिटने आणखी होईल.

ताई, मी पुण्यात बरीच वर्षं शिकवतो, त्या अनुभवावर सांगतो. तुमच्या सरांचा मान राखून बोलतो, पण ‘दगड होईल’ हे मला पटत नाही. चांगल्या वादकाची बोटं हातात घेऊन बघा. शेंडे थोडे निबर असतात, पण गुळगुळीत, हस्तिदंती सोंगटीसारखे. खोल खाच सहसा दिसत नाही. एन. राजम यांचं किंवा डी. के. दातार यांचं वादन ऐकलंत तर एकाच बोटावर केवढी लांब मींड जाते ते कळेल. गळ्यासारखं वाजवायचं तर बोट तारेवरून उचलून भागत नाही. आपल्याकडे पहिल्या दोन बोटांवर सगळा भार, म्हणून घट्टेही तिथेच. अनामिका-करंगळी कोऱ्या राहिल्या ह्यात नवल नाही.

तेव्हा घट्टा ठेवायचा की काढायचा, हा प्रश्नच बाजूला ठेवा. ठेवायचाच, पण सपाट आणि गुळगुळीत. आणि खाच पडली आहे म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय, हे मी न बघता सांगतो.

एक गोष्ट आजच करून बघा. दुसऱ्या तारेवर गज सावकाश चालू ठेवा. तर्जनी धैवतावर नुसती टेकवा, दाबू नका. शिट्टीसारखा, फुसका आवाज येईल. गज न थांबवता बोटाचं वजन थेंबाथेंबाने वाढवा. एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. तिथेच थांबा. तेवढाच दाब लागतो. आता नेहमीसारखं वाजवा आणि तुम्ही किती दाबत होतात ते बघा. माझ्याकडची मोठी माणसं हे करून हसतात, कारण फरक फार असतो.

अंगठाही बघा. आपण वाद्य छाती आणि पाऊल यांच्या मध्ये धरतो, ते पडत नाही. अंगठ्याला वाद्याच्या मानेशी कुस्ती करायचं काही कारण नाही. पण नवशिका माणूस, त्यातून मोठ्या वयात सुरू केलेला, चिमट्यासारखं धरतो. अंगठा आवळला की समोरचं बोट आपोआप दाबतं.

मोजपट्टी

पंचमसाहेबांचं तंत्र बरोबर असेल, पण मला बाईंच्या वाद्यावर संशय आहे. मी वादक नाही, निवृत्त टूलरूमवाला. मुलगा वाजवायचा, त्याची चार व्हायोलिनं मी नीट केली आहेत.

पहिली तार मुळात ई स्वराला लावायची असते. काळी एकच्या जुळणीत ती ‘सा’ला लावलीत म्हणजे तीन अर्धस्वर खाली. तार तीच, लांबी तीच, तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर ताण मूळच्या ७० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने वाजवणाऱ्यापेक्षा तुमची पहिली तार चांगलीच सैल आहे. तरीही बोटात खाच पडते, तर एक तर तुम्ही खूप दाबता, नाही तर तार पट्टीपासून (बोटं टेकतात त्या काळ्या लाकडी पट्टीपासून) फार उंच आहे.

आता तुमच्याच लिहिण्यातला पुरावा. त्रास मुख्यतः तर्जनीला. घोडी (वाद्याच्या पोटावरची, तारा उचलून धरणारी) उंच असती तर वरच्या सप्तकात, पट्टीच्या खालच्या टोकाकडे जास्त जड गेलं असतं. तर्जनी बहुतेक वेळ खुंट्यांच्या जवळ असते. तिथे तारा ज्या छोट्या काळ्या पट्टीवरून उतरतात ती, म्हणजे नट, उंच असेल तर पहिल्याच बोटाला सगळ्यात जास्त जोर लागतो. स्वस्त वाद्यांत नट बऱ्याचदा कारखान्यातून आलेला तसाच, खाचा न उतरवलेला असतो.

तपासायला यंत्र नको. एक व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि नटला लागून तारेखाली सरकवा. एक कार्ड जेमतेम जावं. दोन-तीन सहज जात असतील तर नट उंच. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकाला स्टीलच्या पट्टीने तारेची उंची बघा. पहिल्या तारेखाली साडेतीन मिलिमीटर आणि चौथीखाली पाच ते साडेपाच, एवढी साधारण असते. पोलादी तारा असतील तर थोडी कमीही चालते.

नटची खाच स्वतः उतरवू नका, अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर तार पट्टीवर खडखडते. तुम्ही मिरजेत आहात, तुम्हाला कारागीर मी सांगायचा म्हणजे काशीत गंगाजल विकण्यासारखं.

मडगावचो_बाब

एक विचारू? तारा किती जुन्या? “वाद्याबरोबर आल्या त्याच” म्हणजे अडीच वर्षं? आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात पहिली तार सहा महिन्यांतच बोटाला खरखरीत लागते. पहिली तार नुसती पोलादाची, पाव मिलिमीटर जाडीची. तिला गंज धरला की ती कानस होते, मग घट्टा कितीही गुळगुळीत असो. तिसऱ्या तारेवर अॅल्युमिनियमचं वेष्टन असेल तर घामाने ते खातं आणि बारीक कडा उघडतात. बोटाचा पापुद्रा तारेला अडकतो की तारेची कड बोटाला, ते आधी ठरवा.

जुना मऊ रुमाल घ्या, बोटाभोवती गुंडाळून तारेवरून वर-खाली फिरवा. धागा अडकला तर गुन्हेगार तार. वाजवून झाल्यावर रोज तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. राळेची पूड आणि घाम एकत्र बसला की मेण होतं.

मी चर्चच्या शाळेत शिकलो, हनुवटीखाली धरून. आमच्या मास्तरांकडे बोटाला घट्टा दिसला की शाबासकी नव्हे, छडी. “यू आर फायटिंग,” म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या बोटांना घट्टे होते की नाही हे बघायची आमची हिंमत नव्हती. मानेला मात्र आम्हा सगळ्यांना डाग. तुम्हा बसून वाजवणाऱ्यांची त्यातून सुटका.

चेन्नईवाली_सून

इकडे कर्नाटक पद्धतीत गमकांसाठी, म्हणजे स्वर हलवण्यासाठी, बोट सारखं घासतं, त्यामुळे वाजवायला बसण्याआधी बोटाला खोबरेल लावतात. माझ्या टीचरच्या पेटीत एक छोटी डबी कायम असते, तेलात भिजवलेला कापूस. एक टिपूस, तोही शेंड्याला लावून पुसून टाकायचा. बोट लोण्यासारखं जातं.

पण ताई, ते तेल चुकूनही गजाच्या केसांना लागू देऊ नका. माझ्या हातून एकदा झालं. गज तारेवरून नुसता घसरायचा, राळ धरेना, शेवटी केस बदलावे लागले. तेलाचं बोट डावं, आणि डाव्याने गज उचलायचा नाही, एवढं पाळा.

खर्जातला_पंचम

तेलाचं बरोबर आहे. हाताला घाम येत असेल तर तेलाऐवजी टाल्कम पावडर. सारंगीवाले नखाच्या मुळाशी पावडर लावून बसतात ते पाहिलं असेल. दोन्ही एकत्र नको, लापशी होते.

त्वचारोगी_नव्हे_त्वचातज्ज्ञ

उशिरा आलो. संगीतातलं मला कळत नाही, बायको गाते तेव्हा मान डोलवतो. पण ताईंच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, ते कुणी उचललं नाही म्हणून लिहितोय: “डाव्या तर्जनीलाच टोचते, कारण तिथे आता दुखत नाही.”

हे आजपासून बंद. ज्या कातडीवर तुम्ही रोज तासभर तार घासता, तिथेच सुईचं भोक कशाला? मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. शिवाय घट्ट्यातून रक्त नीट येत नाही, मग माणूस पिळतो, आणि पिळल्याने आकडा चुकू शकतो. उजव्या हाताची बोटं वापरा, बोटाच्या मधोमध नव्हे, कडेला टोचा, आणि दर वेळी बोट बदला. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा.

दुसरं. घट्ट्यावर कमी लागतं हे ठीक. पण करंगळी, अंगठा, पायाची बोटं, जिथे घट्टा नाही तिथेही बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर ते व्हायोलिनचं नाही, साखरेचं असू शकतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आपलं आपण ठरवू नका.

आता घट्ट्याकडे. सतत दाब आणि घर्षण झालं की कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर जाड होतो. तो शत्रू नाही. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना लागतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, म्हणजे आत्ता सगळा घट्टा खरवडून काढलात तर नवा तयार व्हायच्या आत परीक्षा येईल. फक्त सुटलेली कड काढा, ओढून नव्हे. बोट कोरडं असताना नखांच्या कानशीच्या बारीक बाजूने, एकाच दिशेने, कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. ब्लेड नको. पायाच्या कुरुपाला लावतात त्या औषधी पट्ट्या तर मुळीच नकोत, त्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खातं, आणि मधुमेहींनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

मुलीचं क्रीमही बरोबर आहे, फक्त वेळ चुकते. रात्री झोपताना, दहा टक्के युरिया असलेलं, अगदी थोडं. सकाळपर्यंत मुरतं. वाजवायच्या आधी लावलं तर घट्टा मऊ पडून आणखी सोलेल.

आणि सगळ्यात मोठा संशयित तुम्हीच लिहून ठेवलाय: “स्वयंपाक-भांडी आटपून.” अर्धा तास पाण्यात राहिलेली कातडी फुगते, पांढरी पडते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होते. तिच्यावर लगेच पाव मिलिमीटरची तार दाबली तर थर सुटणारच. आधी रियाज, मग भांडी. ते जमत नसेल तर मध्ये निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

फेविक्विक: नको. स्पिरिट: तेही नको, पंचमसाहेबांशी सहमत. बोट ठणकायला लागलं, लाल रेघ दिसली, पू दिसला तर धाग्यावर विचारू नका, दवाखान्यात जा. आणि घट्ट्यावर बोटाच्या रेषा दिसतात का, तेही एकदा बघा. घट्ट्यात रेषा चालू राहतात. रेषा तुटून मध्ये काळे ठिपके असतील तर ती चामखीळ.

टपालवाली_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं वाचून आधी लाज वाटली, मग कामाला लागले. क्रमाने सांगते.

डॉक्टर, रेषा दिसतात. करंगळीला, पायाला मुंग्या नाहीत, तरी पुढच्या तपासणीला विचारीन. टोचणं उजव्या हातावर नेलं. दुखतं! दोन वर्षांत विसरले होते.

पंचमसाहेब, तुमचा प्रयोग केला. फुसक्या आवाजापासून स्वच्छ स्वरापर्यंत बोट इतकं कमी दाबावं लागलं की मला वाटलं काहीतरी चुकतंय. मग नेहमीसारखं वाजवून बघितलं आणि लक्षात आलं की मी तार दाबत नव्हते, शिक्का मारत होते. इतक्या वर्षांची सवय. अंगठाही अगदी तुम्ही म्हणता तसाच, चिमटा.

मोजपट्टी, कार्ड घेतलं. एक गेलं. दोन गेली. तिसरं घातलं तेही गेलं. कारागिराकडे नेलं. त्यांचं सगळं आयुष्य तंबोऱ्यांत गेलेलं, व्हायोलिन हातात घेऊन म्हणाले, “हे लहान लेकरू कुणाचं?” पण खाचा उतरवल्या अगदी जपून, दर दोन घासांनी तार चढवून बघत. अर्धा तास मी तिथेच स्टुलावर. आता एक कार्ड जेमतेम जातं.

मडगावच्या बाबांचा रुमाल तिसऱ्या तारेवर अडकला. म्हणजे ‘खर्र’ निम्मं माझं, निम्मं तिचं. नवा संच घातला, कृत्रिम धाग्याच्या गाभ्याचा. दुकानदाराने सांगितलं की पहिली तार ह्यातही पोलादीच, त्याला इलाज नाही. बाकीच्या तीन बोटाला मऊ लागतात. नव्या तारा दोन-तीन दिवस सारख्या उतरत होत्या, खुंट्या पिळून पिळून मनगट दुखलं, ते वेगळंच.

कानस लावली, फक्त कडेला. खाच आहे अजून, पण कड अडकत नाही. रियाज आता पहाटे वीस मिनिटं, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. सरांना हे सगळं सांगितलं नाही. काल ते एवढंच म्हणाले, “बघा, पिकला की नाही!” मी हो म्हटलं.

मोजपट्टी

तीन कार्डं! मी दोन धरून चाललो होतो.

खर्जातला_पंचम

सरांना नका सांगू. परीक्षेच्या दिवशी नवं काही करू नका, तेलसुद्धा नेहमी लावत असाल तरच. आणि त्या सकाळी भांड्यांना हात लावायचा नाही.

टपालवाली_मिरज

भांडी ह्यांच्याकडे सोपवली आहेत, कालपासून. डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, “आधी रियाज, मग भांडी” एवढाच भाग. रात्री स्वतःचे हात दिव्याखाली धरून बघत होते आणि मला विचारत होते, घट्टा पडायला साधारण किती दिवस लागतात.